साडेचार सेंटीमीटर

मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी
महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी मागून घेतो.
झेरॉक्सच्या दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून
कात्रणांवर ती ठेवतो,
आणि मोजत जातो माझी मजुरी.
सेंटीमीटरला तीन रुपये. फोटोचे वेगळे.
वाढदिवसाच्या जाहिरातीवर पंधरा टक्के,
म्हणजे आमचं घर मुख्यतः
सभापतींच्या वयावर चालतं.

ऑगस्टात पांढरकवड्याच्या नव्या ले-आउटमध्ये
दोघांना डेंगू झाला.
एक वकिलांचा मुलगा, एक कृषी केंद्रवाल्यांची सून.
चार कॉलम, फोटोसकट, अठ्ठेचाळीस सेंटीमीटर:
"शहर तापाने फणफणले."
दुसऱ्या दिवशी धूर मारणारी गाडी आली,
तिचाही फोटो गेला.
माझं एक अक्षर कुणी कापलं नाही.
वकिलांचा मुलगा बरा झाला. चांगलं झालं.
त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, हेही लिहून ठेवतो.

त्याच आठवड्यात पोडावर गेलो होतो.
डांबर संपतं तिथून अडीच किलोमीटर,
नाल्यातून, चपला हातात.
अंगणवाडीच्या शालूताई कुमरे
लेतूबाईच्या पोराच्या दंडाला
तीन रंगांची फीत गुंडाळत होत्या.
हिरवं गेलं, पिवळं गेलं,
लालात थांबली: दहा पूर्णांक आठ.
"लिहून घ्या," त्या म्हणाल्या, "सेंटीमीटर."
मी लिहून घेतलं.
तो शब्द मला फक्त पैशाचा ठाऊक होता.

नवव्या दिवशी पोर गेलं.

मी सगळं लिहिलं.
आरोग्य केंद्रात दोनदा नेलं, दोनदा कुलूप,
गाडी उभी पण डिझेल नाही,
तिसऱ्यांदा निघाले तर नाला भरून,
मग भगताकडे, कारण भगत घरी होता.
हे वाक्य मला फार आवडलं होतं.
कारण भगत घरी होता.

बातमी खालून कापतात.
डेस्कवरचा पोरगा फोनवर समजावत होता,
जागा असते तेवढी असते, काका,
महत्त्वाचं खाली नका ठेवत जाऊ.
आणि मी बावीस वर्षं
कुलूप, डिझेल, पूल खालीच ठेवत आलो;
वर माणूस, मग गाव, मग काय झालं,
का झालं ते शेवटी,
शाळेत शिकवल्यासारखं.
छापून आलं ते पान सातवर, निविदांना खेटून,
साडेचार सेंटीमीटर.
मथळा त्यांचा:
"अज्ञानाने घेतला बालकाचा बळी."

कात्रण घेऊन पुन्हा पोडावर का गेलो, सांगता येत नाही.
लेतूबाईचा दीर जंगू, आश्रमशाळेत नववीला.
त्यानं मोठ्यानं वाचलं, बोट ठेवून,
रेडिओवरच्या बातम्यांसारखं.
ती सूप हातात धरून ऐकत राहिली.
कोलामीत त्याला काहीतरी विचारलं,
त्यानं मान हलवली.
मग मला, मराठीत, एकेक शब्द उचलून:
"हा अज्ञान कोन होय, भाऊ?
थो तं आलाच नाई आमच्या पोडावर."

जंगू हसला नाही. मीही नाही.
एक कोंबडी सांडलेले दाणे टिपत
माझ्या पायांमधून निघून गेली.
छपाईची चूक आहे, मी म्हणालो.
तेवढंच सुचलं.

आज बिल.
अठ्ठेचाळीस. एकवीस. कबड्डी स्पर्धा, बत्तीस.
साडेचार.
साडेतेरा रुपये; ते मी सोडले नाहीत,
सोडले असते तर कुणाला मिळाले असते?

पट्टीचं टोक मुलीनं चावून ठेवलंय,
शून्य दिसत नाही,
म्हणून एकपासून लावतो आणि शेवटी एक वजा करतो.
कधी विसरतो.
तेव्हा बातमी आहे त्याहून मोठी भरते.
ऑफिसात कुणी परत मोजत नाही.